काटापट्टी दिसते, गायब होते, परत दिसते: मोंगोडीबीत तुमचं वाचन कोणत्या सर्व्हरवर जातंय?

तक्रार पहिल्यांदा आली तेव्हा आम्ही हसण्यावारी नेली. नाशिक जिल्ह्यातल्या एका कांदा बाजारासाठी आम्ही वजनकाट्याचं सॉफ्टवेअर चालवतो, त्याच्या नोंदी मोंगोडीबी या डेटाबेसमध्ये जातात. लिलाव झाला की ट्रॅक्टर काट्यावर येतो, भरलेलं वजन नोंदतात, मग तो व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाऊन माल खाली करतो आणि रिकामा होऊन परत काट्यावर येतो. भरलेलं 5,840 किलो, रिकामं 3,520 किलो, म्हणजे कांदा 23.20 क्विंटल. या वजनाची छापील पावती म्हणजे काटापट्टी. यात बिघडण्यासारखं काही आहे असं कुणालाच वाटलं नव्हतं.

काट्यावरच्या भाऊंचा फोन आला, "अहो, वजन टाकलं, सेव्ह झालं म्हणाला, आणि पट्टी छापायला गेलो तर पट्टीच नाही. म्हणून परत टाकलं. आता दोन दोन दिसायला लागल्यात." आम्ही नेहमीचं उत्तर दिलं: नेट हळू असेल, बटण दोनदा दाबलं गेलं असेल. बटण एकदा दाबलं की बंद होईल अशी सोय केली आणि तक्रार मिटवली. चार दिवसांनी तीच तक्रार. मग पंधरा दिवस शांतता, मग एकाच दिवशी नऊ वेळा. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, असा तो प्रकार होता.

हे लिहितोय कारण ही तक्रार आमच्याकडे तीन वेळा 'सुटली' आणि तीन वेळा परत आली. तुमच्याकडे कांद्याऐवजी औषधं असतील, फी भरल्याच्या पावत्या असतील. आजार तोच असू शकतो.

आधी लक्षण नीट ओळखा. नोंद कायमची हरवत असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही, तुमचं दुखणं लिहिण्याच्या बाजूला आहे. इथलं लक्षण वेगळं: नोंद काही सेकंदांनी आपोआप 'उगवते'. त्याहून पक्की खूण म्हणजे लपंडाव. भाऊ तिसऱ्या फोनवर म्हणाले, "रिफ्रेश केलं की येते, परत केलं की जाते, परत केलं की येते." हे ऐकलं तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. एकाच सर्व्हरवरून वाचत असाल तर आलेली नोंद अशी परत जात नाही. ती येते-जाते याचा अर्थ तुमचा प्रश्न कधी एका सर्व्हरला विचारला जातोय, कधी दुसऱ्याला, आणि दोघं वेगवेगळ्या क्षणांत जगतायत.

आमचा रेप्लिका सेट, म्हणजे एकाच डेटाच्या प्रती ठेवणारा सर्व्हरांचा गट, अगदी साधा, तीन नोडचा (सर्व्हरचा). एक प्रायमरी, दोन सेकंडरी. लिहिणं सगळं प्रायमरीवर होतं. प्रायमरी प्रत्येक बदल ऑपलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, टाकते आणि सेकंडरी तो ऑपलॉग ओढून स्वतःकडे वाजवतात, म्हणजे तेच बदल करतात. ओढायला आणि वाजवायला जो वेळ लागतो तो लॅग. मोंगोडीबीत वाचन मुळात प्रायमरीवरच जातं, तुम्ही मुद्दाम सांगितल्याशिवाय सेकंडरीवर जात नाही. म्हणजे कुणीतरी सांगितलेलं असणार. कनेक्शन स्ट्रिंग (ॲपला डेटाबेसचा पत्ता सांगणारी ओळ) उघडली, तर शेवटी 'रीडप्रेफरन्स = सेकंडरीप्रिफर्ड' असं चिकटवलेलं, म्हणजे 'जमेल तेव्हा सेकंडरीवरून वाच'. कोडमधल्या त्या बदलावर नाव माझंच. दीड वर्षापूर्वी, लोड वाटला जावा म्हणून.

हा 'लोड वाटणे' प्रकार मला आता फारसा पटत नाही. प्रत्येक सेकंडरीला प्रायमरीइतक्याच लिहिण्याचा भार उचलावा लागतो, कारण सगळे बदल तिलाही करायचे असतात. वाचनाचं ओझं दोन सेकंडरींवर वाटून दोघी सत्तर टक्क्यांवर चालवल्या आणि एक बसली, की उरलेलीवर एकशेचाळीस टक्के येऊन पडतात. तीन नोड घेतले होते एक पडला तरी चालावं म्हणून. ती सोय आपणच खाऊन टाकतो.

असो. संशय आला तरी पुरावा हवा. लॅग बघायला मोंगो शेलमध्ये आरएस.प्रिंटसेकंडरीरेप्लिकेशनइन्फो() चालवलं. दोन्ही सेकंडरी शून्य सेकंद मागे. दुपारी साडेतीनला शून्य, संध्याकाळी शून्य. इथेच आमचा एक आठवडा गेला. आमच्या अलार्मची मर्यादा 60 सेकंद होती, त्यामुळे तोही कधी वाजला नव्हता. मग तीच कमांड दर दोन सेकंदांनी चालवून आकडा फाइलमध्ये लिहिणारी पाच ओळींची स्क्रिप्ट लावली आणि दुसऱ्या दिवशी तक्रारींच्या वेळा शेजारी ठेवल्या. पावणेअकरा ते अकरा या वेळात एक सेकंडरी 4 ते 6 सेकंद मागे, दुसरी 1 ते 2. भाऊंचा छपाईचा स्क्रीन सेव्हनंतर सेकंदाभरात उघडतो. लॅग किती मोठा यापेक्षा तुमचा माणूस किती लवकर वाचायला येतो ते महत्त्वाचं. सहा सेकंदांचा लॅग कुठल्याही डॅशबोर्डवर हिरवाच दिसेल.

पावणेअकरालाच का? सकाळचा लिलाव संपता संपता ऑफिसातून एक बटण दाबलं जातं, ज्यात त्या सत्राच्या सगळ्या लॉटवर भाव आणि कपाती चढतात. कोडमध्ये ती अपडेटमेनीची एकच ओळ. पण ऑपलॉगमध्ये ती एक ओळ राहत नाही, जितके डॉक्युमेंट बदलले तितक्या नोंदी होतात. त्याच वेळी दुसऱ्या एका सेकंडरीप्रिफर्ड क्वेरीने, म्हणजे महिन्याच्या अहवालाने, सेकंडरीच्या मेमरीतल्या कॅशमधला कामाचा डेटा हुसकावून लावलेला. मग ती मागे पडणारच.

आता प्रश्न उरला: पट्टी वाचणारी क्वेरी खरंच त्या मागे पडलेल्या सेकंडरीवर गेली होती का? हे अंदाजावर सोडू नका. सगळ्यात सोपं म्हणजे तीच क्वेरी तुमच्या ॲपच्याच कनेक्शन स्ट्रिंगने एक्सप्लेन (क्वेरी कशी चालते ते सांगणारी कमांड) लावून चालवा. उत्तराच्या शेवटी सर्व्हरइन्फो नावाचा भाग असतो, त्यात होस्टचं नाव येतं. दहादा चालवा, नाव बदलतंय का बघा. आमच्याकडे दहातून सहा वेळा एक, चार वेळा दुसरं. चालू ॲपमध्ये बघायचं तर ड्रायव्हरचं, म्हणजे ॲपकडून डेटाबेसशी बोलणाऱ्या लायब्ररीचं, कमांड मॉनिटरिंग चालू करून प्रत्येक फाइंडसोबत (वाचनाच्या कमांडसोबत) सर्व्हरचा पत्ता स्वतःच्या लॉगमध्ये लिहा. आम्ही ही ओळ कायम ठेवली आहे. कनेक्शन स्ट्रिंगमध्ये ॲपनेमही द्या, म्हणजे सर्व्हरच्या लॉगमध्ये काट्याचं कनेक्शन कोणतं आणि अहवालाचं कोणतं ते वेगळं दिसतं. आणि प्रोफायलर (क्वेरींची नोंद ठेवणारं साधन) लावणार असाल तर लक्षात असू द्या, तो प्रत्येक नोडवर वेगळा लावावा लागतो. प्रायमरीवर लावून 'क्वेरी आलीच नाही' म्हणत बसलेला माणूस मी पाहिला आहे. आरशात.

पहिला उपाय आम्ही केला तो अर्धवट. सेकंडरीप्रिफर्ड काढून प्रायमरीप्रिफर्ड टाकलं. नाव ऐकून वाटतं, झालं, आता प्रायमरीवरच जाईल. तीन आठवडे फोन आला नाही. मग एका सकाळी प्रायमरी असलेल्या मशीनला अपडेटसाठी रीस्टार्ट केलं आणि नेमकं त्या वेळात काट्यावर परत दुहेरी पट्ट्या. प्रायमरीप्रिफर्डचा अर्थच असा की प्रायमरी दिसत नसेल तर सेकंडरीवर वाच. नोडला नोड दर 2 सेकंदांनी हाक मारतो, 10 सेकंद उत्तर आलं नाही तर नवी निवडणूक. त्या मधल्या काळात लिहिणं थांबलेलं असतं पण वाचन चालू राहतं, आणि जे दिसतं ते किती जुनं आहे हे स्क्रीनवर कुठेच लिहिलेलं नसतं. नेट मध्येच डुलकी घेतं अशा ठिकाणी तर हे निवडणुकीशिवायही होतं. ड्रायव्हरला प्रायमरी क्षणभर दिसली नाही की पुरे.

काट्याच्या कामात मला तेव्हा वाचनही थांबलेलं परवडतं. ट्रॅक्टर पंधरा सेकंद काट्यावर उभा राहिला तर कुणाचं काही जात नाही. चुकीचं दिसलं तर संध्याकाळी हिशोबाला एक ट्रॅक्टर आणि दोन पट्ट्या, आणि एकीपुढे 'रिकामं वजन बाकी'. मग त्या शेतकऱ्याला थांबवून ठेवायचं.

याच सुमारास आमच्या टीममधल्या एकाने मॅक्सस्टेलनेससेकंड्स सुचवलं. सेकंडरी ठरावीक सेकंदांपेक्षा मागे असेल तर तिच्याकडे जाऊ नको, असं ड्रायव्हरला सांगता येतं. त्याने 5 टाकलं. ॲप चालूच होईना. या आकड्याची खालची मर्यादा 90 सेकंद आहे. हे ऐकून सगळे वैतागतात, पण कारण सरळ आहे. ड्रायव्हरला लॅग स्वतः मोजता येत नाही, तो दर 10 सेकंदांनी सर्व्हरला विचारतो आणि शेवटचं लिहिणं कधीचं यावरून अंदाज बांधतो. शिवाय काही काम नसलं तर प्रायमरी 10 सेकंदांतून एकदा रिकामी नोंद टाकते. एवढ्या जाड काट्यावर 5 सेकंद तोलताच येत नाहीत, ट्रकच्या काट्यावर सोनं तोलण्यासारखं होईल. हा पर्याय दहा मिनिटं किंवा तासभर अडकून पडलेली सेकंडरी बाजूला ठेवण्यासाठी आहे. चार सेकंदांच्या तक्रारीवर त्याचा उपयोग शून्य.

दुसरी सूचना जास्त फसवी होती: "आपलं लिहिणं मेजॉरिटीने होतं, मग सेकंडरीवर असणारच ना?" मेजॉरिटी म्हणजे निम्म्याहून जास्त नोडनी नोंद घेतली की मगच 'सेव्ह झालं'. हिशोब करा. तीन नोडमध्ये मेजॉरिटी म्हणजे दोन. प्रायमरी आणि कोणतीही एक सेकंडरी. तिसरी मागे असू शकते, आणि ड्रायव्हर तुम्हाला नेमका तिच्याकडे पाठवू शकतो. वाचताना रीड कन्सर्न (किती पक्कं झालेलं वाचायचं ती अट) मेजॉरिटी ठेवला तरी 'सगळ्यात ताजं' मिळत नाही. मिळतं ते एवढंच, की जे दिसेल ते नंतर मागे फिरणार नाही. त्या नोडला जेवढं माहीत आहे त्यातलं. ताजेपणाची हमी आणि टिकाऊपणाची हमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि नावांवरून त्या हटकून एक वाटतात.

स्वतः लिहिलेलं स्वतःला दिसलं पाहिजे, तेही सेकंडरीवरून, असं खरंच हवं असेल तर मोंगोडीबी 3.6 पासून कॉजल कन्सिस्टन्सीची सेशन आहेत. लिहिल्यावर सेशनला एक ऑपरेशन टाइम कळतो, पुढचं वाचन तो घेऊन जातं आणि सेकंडरी तिथपर्यंत पोहोचेपर्यंत थांबते. पूर्ण हमीसाठी रीड आणि राइट दोन्ही कन्सर्न मेजॉरिटी लागतात. आम्ही हे वापरलं नाही. आमच्याकडे सेव्ह एका वेब रिक्वेस्टमध्ये होतं आणि छपाई दुसऱ्या, तीही कदाचित दुसऱ्या ॲप सर्व्हरवर. तिथवर क्लस्टर टाइम आणि ऑपरेशन टाइम हे वेळेचे शिक्के हाताने वाहून न्यावे लागले असते. होतं, पण एका पट्टीसाठी एवढी वरात कशाला?

शेवटी जे केलं ते कंटाळवाणं आहे. कनेक्शन स्ट्रिंगमधून रीड प्रेफरन्स पूर्ण काढलं. मग कोडमधल्या प्रत्येक वाचनापाशी थांबून एकच प्रश्न विचारला: इथे शिळं चालेल का, आणि किती शिळं? एकूण 63 क्वेरी निघाल्या. त्यातल्या 50 च्या वर अशा, की ज्यांच्या उत्तरावरून माणूस किंवा कोड लगेच पुढे काहीतरी लिहिणार होता. त्या सगळ्या प्रायमरीवर. कालचा भाव, मागच्या महिन्याची आवक, व्यापाऱ्यांची यादी, अहवाल, यांना शिळं चालतं. कोडमध्ये दोन हँडल (डेटाबेसकडे जायच्या दोन वाटा) केले, एकाचं नाव 'ताजं', दुसऱ्याचं 'शिळं'. नवीन माणसाला 'शिळं' लिहिताना हात अडखळतो, आणि तेच हवं होतं. प्रायमरीचा भार किती वाढला म्हणाल तर ग्राफवर बोट ठेवून दाखवावं लागेल इतका.

जाता जाता, ट्रान्झॅक्शनच्या (सगळे होतील नाहीतर एकही नाही अशा बदलांच्या गटाच्या) आतलं वाचन प्रायमरीवरच ठेवावं लागतं, दुसरं काही दिलं तर एरर येतो.

दुहेरी पट्टीचा खरा बंदोबस्त मात्र वाचनाच्या बाजूने झालाच नाही. 'आधी बघ, नसेल तर टाक' हे कोड ताज्या वाचनावरही दोन खिडक्यांतून एकाच वेळी फसू शकतं. म्हणून काट्याचा स्क्रीन उघडतानाच एक क्रमांक तयार होतो, तो पट्टीसोबत जातो आणि त्यावर युनिक इंडेक्स आहे, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा टाकता येत नाही. तपासणी लिहिताना प्रायमरीवर होते, त्यामुळे भाऊंनी दहादा दाबलं तरी पट्टी एकच. हे पहिल्या फोनलाच करायला हवं होतं.

वाटलं, संपलं. तिसऱ्या वेळी तक्रार वेगळ्या वेषात आली. पट्टी बरोबर, पण सगळंच हळू, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला. अहवालांसाठी आम्ही एका सेकंडरीला टॅग, म्हणजे ओळखीची चिठ्ठी, दिला होता, 'काम: अहवाल' असा, प्रायॉरिटी 0 करून, म्हणजे ती कधी प्रायमरी होणार नाही. 'शिळं' हँडल सेकंडरीप्रिफर्ड आणि हा टॅग घेऊन चालतं. सर्व्हर बदलताना नव्या नोडच्या टॅगमध्ये कुणीतरी 'अहवाल' ऐवजी 'अहवाला' टाइप केलं. एरर आला? नाही. सेकंडरीप्रिफर्डमध्ये टॅग जुळणारी सेकंडरी सापडली नाही की ड्रायव्हर मुकाट्याने प्रायमरीवर जातो, आणि प्रायमरीला टॅग लागू होत नाही. महिन्याचा अख्खा अहवाल, आवकेच्या सगळ्या नोंदी चाळत, थेट काट्याच्या प्रायमरीवर. दोन महिने हे कुणाला कळलं नाही.

म्हणून अहवालासाठी माझं मत आता ठाम आहे: सेकंडरीप्रिफर्ड नको, सरळ सेकंडरी ठेवा, टॅगसह. टॅग जुळला नाही तर ड्रायव्हर डीफॉल्टप्रमाणे 30 सेकंद वाट बघतो आणि योग्य सर्व्हर मिळाला नाही म्हणून एरर देतो. अहवाल बंद पडला तर अकाउंटंट पाच मिनिटांत ओरडतो, काटा हळू झाला तर लोक नेटला शिव्या देतात. टॅगच्या यादीत शेवटी रिकामा टॅग टाकायची शिफारस दिसेल, म्हणजे काहीच जुळलं नाही तर कोणतीही सेकंडरी चालेल. तेही समजून टाका, चूक परत झाकली जाते. आणि तो नोड हिडन करू नका. हिडन नोड ड्रायव्हरला दिसतच नाही, मग टॅग लावून काय उपयोग.

निअरेस्ट या रीड प्रेफरन्सबद्दल एवढंच: ते 'सगळ्यात ताजं'ही नाही आणि 'सगळ्यात मोकळं'ही नाही. ड्रायव्हर फक्त जाण्या-येण्याचा वेळ बघतो, सगळ्यात जवळच्या नोडपासून 15 मिलिसेकंदांच्या आत जे येतील त्यांतून कुणालाही उचलतो, प्रायमरीसकट. दुसऱ्या शहरातला नोड त्या 15 च्या सीमेवर असला तर सकाळी तो यादीत, दुपारी बाहेर, आणि तुम्ही क्वेरी कधी हळू कधी भरभर का म्हणून इंडेक्स तपासत बसता. ही खिडकी लोकलथ्रेशोल्डएमएसने लहान-मोठी करता येते.

आता हे परत होऊ नये म्हणून काय? टेस्टवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, लॅग कधी होतच नाही, तिथे लिहितो कोण. म्हणून टेस्टच्या रेप्लिका सेटमधल्या एका सेकंडरीला आम्ही मुद्दाम 20 सेकंद मागे ठेवलं आहे. कॉन्फिगमध्ये प्रायॉरिटी 0 आणि सेकंडरीडिलेसेक्स 20, मोंगोडीबी 5.0 च्या आधी याला स्लेव्हडिले म्हणत. प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे खऱ्या कामाच्या सर्व्हरवर, असा नोड हिडनच असायला हवा, नाहीतर ॲप त्याच्यावरून वाचेल. इथे तेच हवं असल्याने हिडन केलेलं नाही. चुकीच्या जागी 'शिळं' वापरलं असेल तर पाच-सहा वेळा रिफ्रेश केल्यावर ते डोळ्यांनी दिसतं.

गेल्या आठवड्यात नवीन रुजू झालेल्या मुलीने टेस्टवर आडतीचा स्क्रीन केला आणि अर्ध्या तासात माझ्या टेबलापाशी आली, "सर, नोंद टाकली की येते, मग जाते, मग परत येते. माझं नेट बघता का?" मी तिला एक्सप्लेन चालवायला सांगितलं.